निरंक न मानणाऱ्या बाई

बाईंच्या खुर्चीवर टॉवेल नव्हता. ज्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केलेली नाही त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. साहेबाची खुर्ची ओळखायची ती तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलवरून. टॉवेल जितका शुभ्र तितका साहेब मोठा. आमच्या सोलापुरात टॉवेल विणणारी घरं गल्लोगल्ली, त्यामुळे या बाबतीत काटकसर करायचं कुणाला कारणही नव्हतं. बाई सांख्यिकी शाखेच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या त्या दिवशी शिपायाने रीतीप्रमाणे कोरा टॉवेल त्यांच्या खुर्चीला नेसवला. बाईंनी तो काढला. त्याच टॉवेलने आधी संगणकाचा पडदा पुसला, मग टेबल, मग खिडकीची काच, आणि पिळून खिडकीच्या गजावर वाळत घातला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पाणी शोषतो. खुर्चीवर वाया जात होता."

मी त्याच कचेरीत प्रसिद्धीपत्रकं लिहायचो. म्हणजे जे धड घडलं नाही ते उत्साहात पार पडलं असं वर्तमानपत्रांना कळवायचो. आकडा असलेलं कुठलंही पत्रक आधी सांख्यिकी शाखेतून जावं असा एक जुना नियम होता. तो सगळे विसरले होते. बाईंनी तो शोधून काढला आणि माझ्या शांत आयुष्याचा शेवट झाला.

"'हजारोंच्या उपस्थितीत'," त्या मोठ्याने वाचायच्या. "अहो साहित्यिक, कुणी मोजलं?"

"तशी लिहायची पद्धत आहे बाई."

"मी होते तिथे. मंडपवाल्याला विचारा खुर्च्या किती पाठवल्या. त्यातल्या निम्म्या उतरवल्याच नव्हत्या, टेम्पोत होत्या. आणि हे 'भव्य' म्हणजे किती फूट?"

माझी पत्रकं लांबीने निम्मी झाली. लोक ती वाचायला लागले, हा आणखी एक मनस्ताप.

बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, कचेरीत मराठी. राग आला की मराठी संपायची. "साकु" म्हणाल्या की समजायचं, पुरे. "सुम्निर्री" म्हणाल्या की समोरच्याने तोंड मिटायचं, मग तो कितीही मोठा असो. बाईंच्या शाखेचा संगणक ऑपरेटर, ज्याला सगळी कचेरी अण्णा म्हणायची, तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. तो म्हणायचा, "मॅडमचं कानडी मला कळत न्हाय, पण भीती बरोबर कळती."

दुसरी सवय भाकरीची. बाईंच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती भाकरी पापडासारखी वाजते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. बाई ती बैठकीत मोडायच्या. भूक लागली म्हणून नव्हे. कुणी 'शंभर टक्के उद्दिष्ट साध्य' असं म्हणालं की बाईंचा हात पिशवीत जायचा आणि कडाडकन आवाज व्हायचा. मग त्या शांतपणे तुकडा चघळायच्या. बोलणारा अडखळायचा. काही दिवसांनी तर असं झालं की शंभर टक्के म्हणायच्या आधी लोक बाईंच्या पिशवीकडे बघायचे आणि अठ्ठ्याण्णव म्हणायचे.

त्यांचं खरं वैर मात्र एका शब्दाशी होतं. निरंक. सरकारी कागदात याचा अर्थ 'काही नाही'. तक्रारी किती, निरंक. साथीचे रुग्ण किती, निरंक. आमच्याकडे हा शब्द उदबत्तीसारखा वापरला जायचा, कुठेही लावला तरी वातावरण प्रसन्न. बाईंचं म्हणणं होतं की 'काही नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी म्हणालो की एवढा बारीक फरक तत्त्वज्ञानात चालतो. त्या म्हणाल्या, "तत्त्वज्ञानात नाही चालला तरी कुणी मरत नाही."

त्याच सुमारास जिल्ह्याची सगळी माहिती संकेतस्थळावर टाकून जनतेला खुली करायचं ठरलं. कुणीही यावं, कुठल्याही गावाचा आकडा बघावा, उतरवून घ्यावा, तपासावा. कल्पना चांगली होती, त्यामुळे तिचं उद्घाटन करणं आलं. मंडप, हार, समई, पाहुण्यांच्या खांद्यावर सोलापुरी चादर. पाहुण्यांनी रिमोटचं बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा उमटला. क्षयरोगाचा तक्ता होता तो. जिथे रुग्ण नाहीत ते गाव हिरवं, जिथे आहेत ते तांबडं. नकाशा जवळजवळ सगळा हिरवा होता. टाळ्या पडल्या.

"आपला जिल्हा हिरवागार झालेला पाहून ऊर भरून आला," पाहुणे म्हणाले.

तिसऱ्या रांगेत भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अण्णाला विचारलं, "हा हिरवा कुठून आला?"

"मॅडम, गावाकडून निरंक येतंय. हितं अक्षर चालत न्हाय, आकडाच लागतो. मग मी शून्य घालतो. शून्य घातलं की ते आपोआप हिरवं हुतंय."

बाई उठल्या आणि एसटीने निघाल्या. मलाही नेलं, का ते सांगितलं नाही. मंद्रूपला उतरलो तेव्हा आठवडी बाजार भरला होता. तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपने पुढच्या एका लहान गावात गेलो. अहवाल भरणारा कारकून एका खोलीत बसला होता. स्वभावाने भला माणूस, आम्हाला बघून त्याने चहा सांगितला.

"तुमच्याकडे क्षयाचा एकही रुग्ण नाही," बाई म्हणाल्या. "इतके महिने. एकही नाही."

"न्हाय की."

"तपासतं कोण?"

"तपासायला मानूसच न्हाय मॅडम. बदली झाली त्येची. दुसरा आलाच न्हाय. मग पेशंट कुटनं येनार? निरंक लिवतो."

"मग माणूस नाही असं का नाही लिहीत?"

कारकुनाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "त्याला रकाना न्हाय की मॅडम."

कचेरीत आल्यावर अण्णाच्या मागे उभ्या राहून त्यांनी संकेतस्थळात बदल करून घेतला. जिथे तपासणीच झाली नाही तिथे शून्य नाही, मोकळी चौकट. आणि मोकळ्या चौकटीचा रंग राखाडी. आठवड्यात अर्धा नकाशा राखाडी झाला.

आमच्या मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब मवाळ, हसतमुख, वाईट माणूस अजिबात नाही. त्यांच्या दालनात शिरलं की भिंतीवर सन्मानचिन्हं दिसायची. त्यांना ती आवडायची, इतकंच.

"बाई, जिल्हा राखाडी दिसतोय. दुष्काळ पडल्यासारखा."

"आहे तसा दिसतोय साहेब."

"लोकांनी बघितलं तर?"

"बघावं म्हणूनच खुला केलाय ना. रिमोटने."

आणि लोकांनी बघितलं. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने तो नकाशा उतरवून घेतला, त्यावर एसटीचे मार्ग काढले आणि दाखवून दिलं की जिथे एसटी जात नाही तिथेच राखाडी आहे. वर्तमानपत्रात ते छापून आलं. राखाडी गावांचे लोक विचारायला लागले की आमच्याकडे का येत नाही कुणी. तपासणीची गाडी, जी इतके दिवस हिरव्या गावांत सावलीला उभी असायची, ती राखाडी गावांत जाऊ लागली. केमकडचा एक म्हातारा, ज्याचा खोकला सगळं घर तंबाखूच्या नावावर खपवत होतं, तो वेळेत सापडला. बरा झाल्यावर तो रेल्वेने सोलापूरला आला आणि बाईंसाठी केमच्या कुंकवाचा पुडा ठेवून गेला. बाईंचे पती जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि बाईंनी सांगितलंही नाही. पुडा त्यांच्या खणात शेवटपर्यंत होता.

यश माणसाला बिघडवतं, बाईंनाही बिघडवलं. त्यांनी आणखी बारीक मोजायचं ठरवलं. साहेबांना तालुक्याचे आकडे पुरेसे होते. बाईंना गाव हवं होतं, मग गावातली वस्ती, मग वस्तीतली गल्ली, मग स्त्री-पुरुष, मग वय. "पीठ जितकं बारीक तितकी भाकरी चांगली थापता येते," त्या म्हणायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, आता फक्त नावं लिहायची राहिलीत." मी ते विनोदाने म्हणालो होतो. त्यांनीही ते विनोद म्हणूनच घेतलं.

तक्रारी ऐकायच्या सोमवारी एक बाई आली. चाळिशी उलटलेली, कपाळावर घाम, पदराच्या टोकात मोबाइल गुंडाळलेला. कुंभारीच्या बाजूला कामगारांची वसाहत आहे तिथली. विडी वळणारी.

"ह्या आकड्याच्या मॅडम कोन?"

"मी," बाई म्हणाल्या.

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर आमचाच तक्ता होता, कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवलेला. "हे तुमी लिवलंय?"

बाईंनी चष्मा लावून वाचलं. वस्ती, गल्ली, स्त्री, वय अठरा ते पंचवीस, रुग्ण एक. "हो. आकडा बरोबर आहे."

"बरोबर हाय की. लई बरोबर हाय. त्यो एक माझी लेक हाय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमच्या गल्लीत त्या वयाच्या पोरी किती असत्याल? त्यात खोकनारी एकच. दवाखान्याच्या बसमदी बसताना समद्यांनी बघितलीया. तुमी नाव तेवढं सोडलं व्हतं, ते लोकांनी लिवलं. नळावर तिची घागर बाजूला ठिवत्यात. सोयरीक ठरली व्हती. त्येंनी नको म्हनाया मानूससुदिक न्हाय धाडला. ह्यो फोटू धाडला."

"नाव कुठेच छापलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"तुमी मोजलं ते बरं केलं. गाडी आली म्हनून कळलं, न्हायतर पोर गेली असती माझी. त्ये मी नाकारत न्हाय. पन छापताना कुनाला इचारलं?"

इतकी वर्षं बाई जगाला विचारत आल्या होत्या, कुणी मोजलं. त्यांना उलट कुणी काही विचारेल अशी सोयच नव्हती. त्या अण्णाकडे वळल्या.

"अण्णा, तक्ता उतरवा."

"मॅडम, सायबांची परवानगी..."

"उतरवा. परवानगी मग घेते."

तक्ता उतरला. ती बाई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "आता उतरवून काय उपेग." एवढंच. तिने ना शिवी दिली, ना रडली. शिवी दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं असं मला वाटतं.

साहेब संध्याकाळी खरोखरच चिडले. "माहिती खुली ठेवायची हे धोरण आहे. तुम्हीच सगळ्यात जास्त ओरडत होता. आता तुम्हीच बंद करता?"

"कचेरीचं दार उघडं ठेवा असं मी म्हणाले होते, साहेब. मी लोकांच्या न्हाणीघराचं उघडलं."

"नाव नव्हतं ना पण त्यात."

"गल्लीत एकच न्हाणीघर असलं तर नाव कशाला लागतं?"

दोन दिवसांनी बाई त्या वसाहतीत गेल्या. यावेळीही मला नेलं. घरं एकसारखी, दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका, मांडीवर सुपं. आमच्यामागे कुजबुज चालत आली. मुलगी घरातच होती. सडपातळ, डोळे टपोरे. तिने आम्हाला पाणी दिलं आणि बाईंकडे टक लावून बघत राहिली, पितायत का ते. बाईंनी तांब्या रिकामा केला.

"माठाचं नाही वाटतं. कोमट आहे," त्या म्हणाल्या.

मुलीला हसू फुटलं. आमच्या बाईंना गोड बोलता येत नव्हतं हे त्या दिवशी कामी आलं.

"डाक्टर म्हनले, आता माज्यापासनं कुनाला हुत न्हाय," मुलगी म्हणाली. "गोळ्या चालू हायेत. मी बरी हुनार."

"होणार," बाई म्हणाल्या. "मी तुझा आकडा काढून टाकलाय. पुन्हा दिसणार नाही."

"तसं नगा करू. आकडा गेला तर गाडी यायची न्हाय परत. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी लई खोकती." ती थांबली. "आन मला लाज वाटती म्हनून बोलतीया असं बी न्हाय. मी काय चोरी केलीया? सांगायचं तर मी सांगन. माज्या तोंडानं. तुमी कोन सांगनार?"

आई आतून म्हणाली, "गप ए, मॅडम हायेत त्या."

"बोलू द्या तिला," बाई म्हणाल्या. निघताना त्या माफी मागतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त त्या म्हातारीच्या गल्लीचं नाव विचारलं.

परत आल्यावर त्या कामाला लागल्या. ज्या चौकटीतला आकडा पाचपेक्षा लहान, पण शून्य नाही, तिथे फुली. गाडीला फुली दिसेल, कचेरीला आतला आकडा ठाऊक असेल, बाहेरच्याला कुणाकडे बोट दाखवता येणार नाही. अण्णा म्हणाला, "मॅडम फुली-गोळा खेळतायत." मग बाईंनी मला बोलावलं.

"अहो साहित्यिक, वजाबाकी येते का?"

"पूर्वी यायची."

"सगळ्या गावा-वस्त्यांची बेरीज इथे आहे. फुली एकाच वस्तीला आहे. बाकीच्यांचे आकडे समोर आहेत. काढा."

मी काढली. एक आला. झाकलेलं माणूस पुन्हा उघडं पडलं होतं, तेही माझ्यासारख्याला. म्हणून बाईंनी शेजारच्या एका गावालाही फुली मारली, ज्याच्याकडे रुग्ण नव्हताच. आता वजाबाकी करणारा दोन फुल्यांच्या मधे अडकणार होता.

त्या शेजारच्या गावाचे सरपंच तिसऱ्याच दिवशी हजर. खांद्यावर उपरणं, पायात करकरीत चपला.

"मॅडम, आमच्यात एकबी पेशंट न्हाय. मोजून न्हाय. हिरवंगार व्हतं आमचं गाव. ही फुली कशापाई? आमच्या पोरींच्या सोयरिकी मोडायच्या की."

बाईंनी त्यांना बसवलं, कागदावर बेरीज मांडून दाखवली. सरपंचांनी ती दोनदा तपासली.

"म्हंजी आमच्या फुलीमागं दुसऱ्याची फुली झाकती?"

"हो."

"आन ते कोन हायेत?"

"ते सांगायचं नाही म्हणून तर फुली."

सरपंच हसले. "व्हय, बरोबर हाय. मग ऱ्हाऊ द्या. पन एक करा. एकट्या आमाला नगा लावू, लोक आमच्याकडंच बघत्याल. समद्यांस्नी लावा. शून्य असंल तरी फुली, एक असंल तरी फुली. मंग कोन कुनाला हसंल?"

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "सुम्निर्री," त्या पुटपुटल्या, पण ते स्वतःलाच होतं.

तोच नियम झाला. तपासलेलं आणि रुग्ण कमी किंवा नाहीच, तर फुली. तपासलेलंच नाही, तर राखाडी. निरंक हा शब्द आमच्या संकेतस्थळावरून गेला. साहेबांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. कारण त्याच वर्षी खुल्या माहितीत जिल्ह्यांची क्रमवारी लागणार होती, आणि फुली म्हणजे अपूर्ण माहिती धरली जाणार होती. भिंतीवर सन्मानचिन्हासाठी जागा करून ठेवली होती. मी ती पाहिली होती, खिळाही ठोकलेला होता.

बैठक झाली. साहेब म्हणाले, "सगळ्या फुल्या काढून आकडे भरायचे. आपल्याला शंभर टक्के..."

कडाड.

साहेबांनी डोळे मिटले. "बाई, प्लीज. माहिती खुली असावी की नसावी, तुमचं एक काहीतरी ठरवा."

"ठरलंय," बाई म्हणाल्या. तोंडातला तुकडा त्यांनी सावकाश संपवला. "असावी. आपली असावी. लोकांची नाही. कुठल्या गावात तपासायला माणूस नाही, त्याची जागा का भरली नाही, कागद कुणाच्या टेबलावर पडलाय, गाडी कशासाठी उभी आहे. यात एकही फुली मी मारणार नाही. हे रकाने आजवर नव्हते, ते अण्णांकडून करून घेतलेत. साहेब, तुम्ही म्हणत असाल तर आत्ता सुरू करू. उद्घाटन नको. रिमोटही नको."

टेबलाभोवतीचे सगळे अधिकारी आपापल्या कागदांत बुडाले. कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर ते कागद पडलेलेच होते.

"आणि फुल्या?" साहेबांनी विचारलं.

"काढायच्या तर तसं लेखी द्या. नाव घालून."

साहेबांनी लेखी दिलं नाही. क्रमवारीत आमचा जिल्हा खाली गेला. खिळा तसाच राहिला, पुढे त्यावर कुणीतरी दिनदर्शिका लावली. बाईंची बदली झाली, म्हणजे त्याच इमारतीत तळमजल्यावर, जुने कागद ठेवायच्या खोलीत. तिथेही शिपायाने खुर्चीला टॉवेल घातला आणि तिथे धूळ जास्त असल्यामुळे तो लवकर कामी आला. वर जाता-येता मी डोकवायचो. बाई कधी तक्रार करत नसत. "इथे बरं आहे," म्हणायच्या. "कुणी शंभर टक्के म्हणत नाही. भाकरी निवांत खाता येते."

जाण्यापूर्वी मात्र त्यांनी अण्णाकडून शेवटचा एक बदल करून घेतला होता. तक्त्याच्या तळाशी एक ओळ आणि दोन चौकटी. फुली काढून आकडा भरणाऱ्याने इथे आपलं नाव आणि हुद्दा लिहावा; ते सर्वांना दिसेल.

मुलगी बरी झाली. सोयरीक परत जुळली नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही आणि मला उत्सुकताही नाही. तपासणीची गाडी पुन्हा त्या वसाहतीत गेली तेव्हा बायका दारं लावून आत बसल्या. तेव्हा ही पोरगी गाडीच्या पायरीवर उभी राहिली आणि ओरडून म्हणाली की मला झाला होता, बघा मी हितं उभी हाय, या की. हे मला तिच्या आईने सांगितलं. पलीकडच्या गल्लीतली खोकणारी म्हातारी पहिली आली.

बाईंच्या निरोपाचा समारंभ झाला. साहेब बदलले होते, नवे साहेब बाईंना ओळखत नव्हते, त्यामुळे भाषण फार छान झालं. चादर पांघरली, नारळ दिला. "बाईंची प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवा," साहेब म्हणाले.

"चूक," बाई खुर्चीतून म्हणाल्या.

साहेब थांबले. "काय म्हणालात?"

"निष्कलंक नाही. एक आहे."

लोकांना वाटलं हा नम्रपणा. टाळ्या पडल्या. अण्णाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे. आयुष्यात त्यांनी मागितलेली माफी तेवढीच, आणि ती ज्यांची मागायची त्या दोघी तिथे नव्हत्या. पण बाईंनी आकडा बरोबर सांगितला होता.

त्यानंतर दोन साहेब येऊन गेले. दोघांनाही क्रमवारी हवी होती. दोघांनीही तक्ता उघडला, फुल्या काढायला सांगितल्या, मग तळाशी जाऊन ती ओळ वाचली आणि दुसऱ्या कामाला लागले. मी आता निवृत्त आहे, वेळ पुष्कळ आहे, अधूनमधून संकेतस्थळ उघडून बघतो. फुल्या जागच्या जागी आहेत. राखाडी थोडं कमी झालंय. खालच्या दोन चौकटींत, नाव आणि हुद्दा, आजपर्यंत कुणी काही लिहिलेलं नाही.

म्हणजे निरंक. पण हे निरंक खरं आहे. मी मोजलंय.